तीन पाण्यांनी धुतलेला डबा

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी आठवीचे पेपर तपासत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, कुणी मिलिंद म्हणून बोलताहेत. रडताहेत." मिलिंद म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ. मी लाल पेन हातात तसंच धरून धावले. तो पलीकडून एवढंच म्हणाला, "नलूताई, ताई गेली गं..." चारच दिवस आधी मी तिला दवाखान्यात भेटून आले होते. कावीळ झाली होती, डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात उठून बसायचीही ताकद नव्हती. मी पेज करून नेली होती. मी झाकण उघडलं तशी तिनं विचारलं, "डबा कुठला?" मी म्हटलं, "अगं, स्टीलचा आहे, माझा शाळेचा." तिनं तो नाकाजवळ नेला, वास घेतला, मग दोन चमचे पेज खाल्ली आणि हसली. चार वर्षं सगळ्यांच्या डब्यांचा वास घेत फिरलेली ही बाई शेवटी कशानं गेली, तर गावच्या नळातल्या घाण पाण्यानं. वय अवघं एकोणतीस. मला रडायला नंतर आलं. आधी आली ती चीड.

त्या चिडीचं किळसेत रूपांतर झालं ते शोकसभेत. एका प्रतिष्ठित क्लबनं सभा भरवली होती, आणि अध्यक्षस्थानी कोण, तर ज्या कारखान्यानं तिला हाकललं त्याच कारखान्याचे व्यवस्थापक साहेब. हल्ली पर्यावरण हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, तो साहेबांच्याही तोंडी आला आहे. सुमनच्या फोटोला त्यांनी मोठा हार घातला आणि म्हणाले, "कुमारी सुमन यांनी सुरक्षिततेचे पहिले धडे आमच्याकडेच गिरवले, याचा आम्हाला अभिमान आहे." पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग दोन मिनिटं शांतता, आणि ती संपते न संपते तोच मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास आला. सुमनची आई, जिला आम्ही माई म्हणतो, ती पदराचं टोक तोंडात धरून बसली होती. मी उठून बाहेर आले. त्या सभेत सुमनबद्दल जे बोललं गेलं त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख कॉलेजातली, शहात्तर सालची. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या टेबलावर आम्ही दोघी समोरासमोर आलो. ती बौद्ध कॉलनीतली, वडील प्राथमिक शिक्षक. मी पंचवटीतली, माझे वडील गोदाघाटावर यात्रेकरूंची धार्मिक कामं करायचे. रसायनशास्त्र मी घेतलं होतं ते जीवशास्त्रातल्या बेडकाला भिऊन. सुमननं घेतलं होतं प्रेमानं. अमोनियाच्या वासानं आम्ही नाक धरून पळायचो आणि ही आपली मजेत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत उभी. एकदा मला म्हणाली, "नले, इथं मला फार बरं वाटतं बघ. बाटलीत काय आहे एवढंच विचारतात. बाटली कुणाच्या घरची, हे कुणी विचारत नाही." मी हसले. तिला मात्र ते मनापासून वाटत होतं. शास्त्र आलं की घाण जाईल, रस्त्यातली जाईल आणि माणसांच्या डोक्यातलीही जाईल, असा तिचा हिशेब होता. इतका भाबडा विश्वास मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

ती आमच्याकडे यायची तेव्हा डोक्यातल्या घाणीचा नमुना तिला बैठकीतच बघायला मिळे. आमच्या खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर एक स्टीलचा पेला उपडा घातलेला असे. तो सुमनचा पेला. आई त्यात वरून पाणी ओतायची, सुमन प्यायची, मोरीवर स्वतः विसळायची आणि पुन्हा कठड्यावर उपडा घालायची. यावरून माझी आणि आईची कितीतरी भांडणं झाली. आई म्हणायची, "मी काय तिला वाईट बोलते का? पोर गुणाचीच आहे. पण ज्याचं त्याचं असतं." सुमनच मला गप्प करायची. "राहू दे गं. काकू म्हाताऱ्या होतील तोवर हे सगळं हळूहळू जाईल." एखाद्या पोरानं शेंबूड पुसावा इतक्या सहज ती ते पुसून टाकायची.

पुढे मी शाळेत लागले आणि सुमनला औद्योगिक वसाहतीतल्या एका कीटकनाशकांच्या कारखान्यात नोकरी मिळाली, थेट लॅबमध्ये. पांढरा कोट घालून तिनं मला फोटो काढून दाखवला होता. माझा दादाही त्याच कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता. दिंडोरीकडे द्राक्षबागा वाढत होत्या, फवारणीची पावडर विकायला वेळ पुरत नव्हता. या कारखान्याची एक पद्धत होती. जिच्यातून पावडर तयार व्हायची ती मूळ जहाल पावडर ज्या पांढऱ्या पत्र्याच्या डब्यांतून यायची, ते रिकामे डबे दिवाळीला कामगारांना भेट म्हणून वाटायचे. डबा मोठा देखणा, तोंड रुंद, झाकण असं घट्ट की मुंगीची बिशाद नव्हती. गावात असा डबा ज्याच्या घरी तो भाग्यवान. धुऊन झाल्यावर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागायची, 'तीन पाण्यांनी धुतलेला', आणि खाली लॅबची सही. सही सुमनची. तिला त्यात वावगं वाटलं नाही, कारण तीन पाणी हा नियम वरून आला होता आणि वरच्यांना रसायन कळतं यावर तिची श्रद्धा होती.

दादानं आणलेला डबा आमच्या आईनं कसा घरात घेतला ते सांगायलाच हवं. कारखान्यात त्याला कोणाकोणाचे हात लागले असतील या शंकेनं तिनं तो आधी चिंचेनं घासला, मग राखेनं, मग दोन दिवस उन्हात ठेवला, वर गोमूत्र शिंपडलं आणि मगच फळीवर चढवला. त्यात लाडू भरले. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं, आणि विषाचा डबा देवाच्या नैवेद्यापर्यंत गेला होता! तेव्हा मलाही हे उमगलं नव्हतं. दिवाळीनंतर बाबांना दरवर्षी चक्कर यायची, आम्ही पित्त म्हणायचो. त्याचं कारण काय ते मला आजही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना मी छातीठोक बोलणार नाही.

मग चौऱ्याऐंशीचा डिसेंबर आला. भोपाळ. वर्तमानपत्रातले फोटो बघवत नव्हते, आमच्या स्टाफरूममध्ये पेपर उलटा करून ठेवला होता. तिथला कारखानाही कीटकनाशकांचाच होता, आणि सुमनच्या कारखान्यात त्या बातमीनं चलबिचल झाली. साहेबांनी सगळ्यांना आवारात जमवलं. सुमननं मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं. "ते तिकडचं आहे. आपल्याकडे गॅस नाही, पावडर आहे. पावडर काय उडून कुणाच्या घरात जाते का? फवारणीचा हंगाम आहे, ओव्हरटाइम द्यायला कंपनी तयार आहे." लोक कामाला लागले. सुमन लॅबमध्ये जाऊन बसली आणि म्हणे पहिल्यांदाच तिनं पावडरीच्या वासाला नाक धरलं.

काही दिवसांनी काही डॉक्टर आणि विद्यार्थी मदतीला तिकडे निघाले, त्यांच्याबरोबर ती रजा टाकून गेली. परत आली ती निराळीच. खूप काही सांगेल म्हणून मी रविवारी तिच्या घरी गेले. माई चहा टाकत होती. सुमन भिंतीला टेकून बसली होती आणि तिनं एकच गोष्ट सांगितली. एका वस्तीत एक बाई तिला हाताला धरून घरात घेऊन गेली. बाईचे डोळे लाल, सुजलेले, धड दिसतही नव्हतं. घरात आता ती आणि एक मुलगी एवढीच उरली होती. चुलीमागं डबे ओळीनं मांडलेले होते. बाई एकेक डबा चाचपत विचारत होती, पीठ या डब्यात होतं, झाकण घट्ट होतं, मग हे पोरीला घालू का नको? "सगळी झाकणं घट्ट होती गं, नले..." सुमन म्हणाली. "आणि मला उत्तर माहीत नव्हतं. बी.एस्सी. आहे मी, आणि मला माहीत नव्हतं. तिथल्या साहेबलोकांना विचारलं, तर त्यांनाही माहीत नव्हतं, नाहीतर सांगायचं नव्हतं." मग बराच वेळ ती स्वतःच्या घरातल्या फळीकडे बघत राहिली. तिथेही दोन पांढरे डबे होते. तिच्याच सहीचे.

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात एक साधा प्रयोग केला. तीन पाण्यांनी धुतलेला डबा तिनं स्वतः सोडा लावून आणखी तीनदा धुतला, कोरडा केला, आत गुळाचा खडा ठेवला आणि माश्या आत शिरल्यावर वर जाळी बांधली. दुसऱ्या एका साध्या डब्यातही तसंच केलं. माश्यांचा नाशकात कधी तुटवडा नसतो. दुपारच्या चहाच्या वेळी साध्या डब्यातल्या माश्या घोंगावत होत्या आणि भेटीच्या डब्यातल्या उताण्या पडल्या होत्या, पाय आकाशाकडे. तिनं तो डबा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब म्हणाले, "अहो, मग चांगलंच आहे की! आपला माल पक्का आहे." आणि हसले. हे हसणं सुमन कधी विसरली नाही. मीही नाही, मी तर ते फक्त ऐकलं होतं.

संक्रांतीला ती आमच्याकडे तिळगूळ घ्यायला आली. आईनं नेहमीप्रमाणे हात न लावता तिच्या तळव्यावर लाडू वरून टाकला आणि "गोड बोल गं बाई" म्हणाली. सुमननं विचारलं, "काकू, हा कुठल्या डब्यातला?" आईनं कौतुकानं सांगितलं, "तुमच्याच कंपनीतल्या. इतके दिवस झाले, लाडू बघ कसा कुरकुरीत!" सुमन उठली. उंबरठा ओलांडून थेट आमच्या स्वयंपाकघरात गेली. आठ वर्षांत ती पहिल्यांदाच त्या खोलीत पाऊल टाकत होती. फळीवरचा डबा काढला, लाडू परातीत ओतले, भिंतीतला एक सुटा खिळा उपसला आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन एका घावात डब्याच्या बुडाला भोक पाडलं. आई किंचाळली. "अगं, अगं, तू आत कशी आलीस!" डब्याबद्दल नव्हे, बरं का. सुमन शांतपणे म्हणाली, "काकू, यात विष आहे." आई म्हणाली, "दोन वर्षं खातोय, काय झालं आम्हाला?" त्यावर सुमन म्हणाली, "माशीला लगेच होतं, काकू. माणूस मोठा असतो. त्याला वेळ लागतो."

ती गेल्यावर आईनं अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढलं, स्वतः अंघोळ केली, बत्ता विस्तवात धरला. लाडू टाकून द्यावेत म्हणून मी हात लावायला गेले, तर म्हणाली, "तीळ काय फुकट आलेत?" आणि चार दिवसांनी भद्रकालीतल्या कारागिराकडून तिनं ते भोक कथलानं झाळून आणलं, वर पुन्हा गोमूत्र शिंपडलं, आणि डबा परत फळीवर! मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. सुमनला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे मी जन्मात विसरणार नाही. "आपल्या लोकांना विटाळ कळतो, नले. विष कळत नाही." ती मुलगी जी म्हणायची की हे सगळं हळूहळू जाईल, तीच ही. भोपाळनं तिचा 'हळूहळू' हा शब्द कायमचा काढून घेतला.

त्याच भद्रकालीतून तिनं एक पोगर विकत घेतलं. पोगर म्हणजे पत्र्याला भोक पाडायची टोकदार पोलादी सळई, वीतभर लांबीची. ते पर्समध्ये घालून ती कामगारांच्या घरोघर जाऊ लागली. आपण सही केलेला प्रत्येक डबा तिला फोडायचा होता. बामणांच्या घरीच असं झालं असं समजू नका. तिच्या स्वतःच्या कॉलनीत सख्खी आत्या तिच्यावर धावून गेली. "आमच्या घरात एक धड वस्तू आली, ती हिच्या डोळ्यांत खुपली!" पोरं तिला 'डबेफोडी' म्हणू लागली. ठरत आलेलं लग्न त्याच नावापायी मोडलं. दादा मला ऐकवायचा, "समजाव तुझ्या मैत्रिणीला. लोकांना फुकट डबा मिळतो तर हिच्या पोटात का दुखतं?" कंपनीच्या भेटीचा अवमान केला म्हणून तिला काढून टाकलं. पुढच्या दिवाळीला कारखान्यानं डबे वाटलेच, फक्त बाहेरून रंग मारून, वर पणतीचं चित्र काढून आणि 'शुभ दीपावली' लिहून. लोकांनी आणखीनच हौसेनं नेले. याला काय म्हणावं? मला तर नुसती शिसारी येते.

ती मग दिंडोरीपलीकडच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवायला गेली. तिथे नवंच दर्शन. पावडरीच्या रिकाम्या डब्यांतून मजूर बायका बागेत प्यायचं पाणी न्यायच्या. पुरुष फवारणीचं औषध पिंपात कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे आणि त्याच हातानं भाकरी मोडायचे. मी एकदा तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिनं रस्त्यात एका बाईला अडवलं. बाई डबा छातीशी धरून म्हणाली, "बाई, नका ना फोडू. लय कामाचा हाय. पानी गार ऱ्हातं त्यात." सुमन म्हणाली, "मावशी, तुमची धाकटी पिते ना यातलं?" बाईनं डब्यात वाकून बघितलं. मग स्वतःच डबा पुढे करून म्हणाली, "फोडा मंग. पर फोडून करू काय ह्याचं?" सुमन म्हणाली, "झाड लावा. भोक पडलं की त्यात फक्त झाडच लावता येतं." तिच्या शाळेच्या ओट्यावर तसल्या डब्यांची रांग होती, झेंडू आणि सदाफुली लावलेली. तेवढं एक बघून मला बरं वाटलं. तिला नाही. "मी एक फोडते, दुकानदार चार देतो," असं म्हणून तिनं पोगर पर्समध्ये टाकलं.

ती कुणाकडे विचारल्याशिवाय काही खात नसे. आधी डबा बघायची, वास घ्यायची. लोकांना राग यायचा. माझ्या आईला तर भारीच. "आमच्या हातचं हिला चालत नाही का? एवढा कसला मेला ताठा!" हे आमची आई म्हणत होती. मी तिला आरसा दाखवायचा प्रयत्न केला, पण आरशात बघायला मान वर करावी लागते.

शोकसभेतून मी उठून निघाले, तेव्हा मिलिंद मागून धावत आला आणि पोगर माझ्या हातात ठेवलं. "माई म्हणते, नलूला दे." तिथून मी इंदिरानगरला स्वतःच्या घरी न जाता पंचवटीत गेले. खिडकीपाशी उभी राहिले. कठडा रिकामा होता. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तो पेला होय? घासून, विस्तवात धरून आत घेतला. स्टील चांगलं आहे. आता कोण पिणार त्यातून?" मांडणीवर इतर पेल्यांच्या रांगेत तो उभा होता. सुमन जिवंत असताना त्याला आत जागा नव्हती, ती मेल्यावर झाली. आईनं फळीवरचा डबा काढला. "बस. दमलीस. बिचारी पोर... लाडू खा." बुडाशी कथलाचा ठिपका अजून होता. मी डबा तिच्या हातून घेतला. लाडू मोरीत ओतले, डबा उपडा घातला आणि पोगर त्या ठिपक्यावर धरून बत्त्याचा घाव घातला. कथील निघून पडलं. आई मोठ्यानं रडायला लागली. सुमनसाठी की डब्यासाठी, ते मी विचारलं नाही. पेला आणि डबा दोन्ही घेऊन घरी आले. डब्यात सध्या सदाफुली आहे, पाणी त्या पेल्यानं घालते. सुमन वेगळ्या पेल्यात पाणी प्यायची, मी त्याच पेल्यातून पिते.

परवा दादा स्कूटरवरून आला. रागावला असेल असं वाटलं होतं, पण खुशीत होता. "आईचा डबा फोडलास म्हणे! ठीक आहे, हरकत नाही. यंदा कंपनीचे डबे आणखी मोठे आहेत, वर लक्ष्मीचं चित्र आहे. तिला एक सांगून ठेवलाय. तुला ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "मिळतील तेवढे ठेव."

तो खूश होऊन गेला. दिवाळी दीड महिन्यावर आली आहे, पोगर माझ्या पर्समध्ये आहे.